मुलुंडची धाड, माझगावचा आदेश आणि परवान्याचा प्रश्न

फेब्रुवारी २०२३ मध्ये मुलुंडला एका कुंटणखान्यावर पोलिसांची धाड पडली. जागा चालवणाऱ्यांवर पिटाखाली, म्हणजे अनैतिक व्यापार प्रतिबंधक कायद्याखाली, गुन्हा नोंदला गेला. तिथे सापडलेल्यांत चौतीस वर्षांची एक बाई होती. वैद्यकीय तपासणीत ती सज्ञान असल्याचं स्पष्ट झालं. चौतिसाव्या वर्षी तेही सिद्ध करावं लागतं, असो. तिच्यावर आरोप कसलाच नव्हता. कागदोपत्री ती पीडित. १५ मार्चला माझगावच्या महानगर दंडाधिकाऱ्यांनी आदेश काढला: काळजी, संरक्षण आणि निवारा मिळावा म्हणून तिला एक वर्ष संरक्षणगृहात ठेवावं. तिची दोन लहान मुलं बाहेर.

पकडलेल्या दलालाला निदान जामिनाचा अर्ज करता येतो. वकील उभा राहतो, हमीदार मिळतो, आणि बऱ्याचदा तो महिन्याभरात घरी असतो. पीडितेला जामीन नसतो, कारण ती आरोपीच नसते. तिने काय करायचं, तर आदेशाविरुद्ध अपील. संरक्षणगृहात बसून, वकिलाची फी कुठून तरी उभी करून.

या बाईने अपील केलं आणि सत्र न्यायालयाने तिला सोडायला सांगितलं. कारणं साधीच होती. ती सज्ञान आहे. तिने सार्वजनिक ठिकाणी हा व्यवसाय केला असा आरोप नाही. पूर्वी कधी अशाच ठिकाणी सापडली होती, एवढ्या कारणावर तिला डांबून ठेवता येत नाही. राज्यघटनेच्या १९ व्या कलमाने कुठेही जाण्याचं, राहण्याचं स्वातंत्र्य दिलं आहे, ते तिलाही आहे. शिवाय मुलांना आई लागते. मे महिन्यात त्याच्या बातम्या आल्या आणि दोन दिवसांत विसरल्याही गेल्या.

मला हे प्रकरण महत्त्वाचं वाटतं ते आपल्याकडच्या एका जुन्या वादामुळे. वेश्याव्यवसाय कायदेशीर करावा की नाही, यावर टीव्हीवर दर दोन-चार वर्षांनी चर्चा झडते. २००९ मध्ये खुद्द सर्वोच्च न्यायालयाने सरकारला विचारलं होतं की रोखता येत नसेल तर कायदेशीर का करत नाही. २०१४ मध्ये राष्ट्रीय महिला आयोगाच्या तेव्हाच्या अध्यक्ष ललिता कुमारमंगलम यांनीही कायदेशीर करण्याची बाजू उचलून धरली होती. दोन्हीकडचे लोक हिरिरीने बोलतात, आणि दोघांनीही धरलेलं असतं की आज हे बेकायदा आहे. मुलुंडच्या बाईने जे केलं ते आजच्या कायद्यात गुन्हा नाही. तरी तिचे महिने गेले. मग कायदेशीर करून तिचं नेमकं काय बदललं असतं?

आधी तिला आत कशाने घातलं ते बघू. पिटा म्हणजे १९५६ चा अनैतिक व्यापार प्रतिबंधक कायदा, १९८६ मध्ये त्याला हे नाव मिळालं. त्याच्या १७ व्या कलमात सोडवून आणलेल्या बाईचं काय करायचं ते लिहिलं आहे. दंडाधिकाऱ्यांनी चौकशी करायची: वय, चारित्र्य, पूर्वेतिहास, घरची माणसं तिला सांभाळायला लायक आहेत का. चौकशी चालू असताना तीन आठवड्यांपर्यंत ताब्यात ठेवता येतं. मदतीला पाच प्रतिष्ठित व्यक्तींचं मंडळ नेमता येतं, जमेल तिथे त्यात तीन बायका. आणि तिला काळजीची, संरक्षणाची गरज आहे असं वाटलं तर एक ते तीन वर्षं संरक्षणगृहात. कलमात कुठेही असं नाही की सज्ञान बाईला आधी विचारा. परिवीक्षा अधिकारी अहवाल लिहितो, त्यात घरची गरिबी येते, नवरा सोडून गेल्याचं येतं, पूर्वीची एखादी केस येते. हे सगळं खरं असतं. आणि या सगळ्याचा अर्थ कागदावर एकच निघतो: बाहेर सोडली तर पुन्हा तेच करील.

अशा बाईला याआधी मुंबई उच्च न्यायालयाने सोडवलं होतं. सप्टेंबर २०१९ मध्ये मालाडच्या एका गेस्ट हाऊसमधून वीस, बावीस आणि तेवीस वर्षांच्या तिघी जणी सापडल्या. बोगस गिऱ्हाईक, खोलीवर धाड, पंचनामा, नेहमीची पद्धत. त्या उत्तर प्रदेशातल्या बेडिया समाजातल्या. या समाजात मुलींना या धंद्यात घालायची चाल आहे, म्हणून त्यांना आयांच्या ताब्यात देणं हिताचं नाही, असं माझगावच्या न्यायालयाने ठरवलं आणि एक वर्षासाठी उत्तर प्रदेशातल्या संस्थेत पाठवायला सांगितलं. दिंडोशीच्या सत्र न्यायालयाने त्यांचं अपील फेटाळलं. २४ सप्टेंबर २०२० ला न्यायमूर्ती पृथ्वीराज चव्हाण यांनी दोन्ही आदेश रद्द केले. पिटात वेश्याव्यवसाय हा मुळात गुन्हाच नाही. गुन्हा आहे तो पैशासाठी दुसऱ्याचं शोषण करणं, उघड्यावर गिऱ्हाईक हेरणं, कुंटणखाना चालवणं. सज्ञान बाईला आपला व्यवसाय निवडायचा हक्क आहे, आणि अमुक जातीत जन्मली म्हणून तिला कोंडता येत नाही. निकाल आला तोवर मूळ धाडीला वर्ष उलटून गेलं होतं. म्हणजे एक वर्षाची मुदत आणि निकाल जवळपास एकाच वेळी.

त्यानंतर १९ मे २०२२ ला सर्वोच्च न्यायालयाने बुद्धदेव कर्मास्कर प्रकरणात घटनेच्या १४२ व्या कलमाखाली निर्देश दिले. सज्ञान आणि राजीखुशीने काम करणाऱ्या बाईच्या वाटेला पोलिसांनी जाऊ नये. धाडीत तिला अटक, दंड, छळ नको. बेकायदा आहे ते कुंटणखाना चालवणं. निरोध सापडला म्हणजे पुरावा सापडला असं मानू नये. राज्यांनी संरक्षणगृहांची पाहणी करून मनाविरुद्ध ठेवलेल्या सज्ञान बायकांना सोडण्याची कारवाई करावी. मुलुंडची धाड यानंतर नऊ महिन्यांनी पडली. दिल्लीचा निकाल माझगावला पोहोचायला नऊ महिने पुरत नाहीत, हे मुंबईत राहणाऱ्याला सांगायला नको.

मुलुंडच्या बाईला सोडणाऱ्या सत्र न्यायालयाच्या निकालाबद्दल मला आदर आहे, पण त्यातला एक धागा फार बारीक आहे. सार्वजनिक ठिकाणी केलं असा आरोप नाही, म्हणून सोडलं. आता कलम ७ वाचा. सार्वजनिक प्रार्थनास्थळ, शाळा-कॉलेज, वसतिगृह, रुग्णालय, नर्सिंग होम यांच्यापासून दोनशे मीटरच्या आत हा व्यवसाय केला तर बाईला तीन महिन्यांपर्यंत कैद. मुंबईत दोनशे मीटरच्या आत देऊळ, मशीद, शाळा किंवा नर्सिंग होम नाही अशी खोली कुणी दाखवावी. दाखवली तर ती बहुधा खाडीत असेल. त्यामुळे सुटका झाली ती पोलिसांनी ते कलम लावलं नाही म्हणून. पुढच्या वेळी लावलं तर हीच बाई पीडित राहणार नाही, आरोपी होईल.

कुंटणखान्याची व्याख्या तर याहून बेरकी आहे. दुसऱ्याच्या फायद्यासाठी चालवलेली जागा हे ठीक. पण दोन बायकांनी आपापल्या फायद्यासाठी एक खोली वापरली तरी तो कुंटणखानाच. एकटीने धंदा करणं धोक्याचं. दोघींनी मिळून खोली घेतली, एकीने दारावर लक्ष ठेवलं, कोण आत गेला ते पाहिलं, की दोघीही गुन्हेगार. कलम ४ प्रमाणे अठरा वर्षांवरच्या कुणीही तिच्या कमाईवर जगलं तर दोन वर्षांपर्यंत शिक्षा. कॉलेजात शिकणारा एकोणीस वर्षांचा मुलगाही त्यात बसतो. कलम १८ प्रमाणे जागा बंद, सात दिवसांत खाली करा. म्हणून घरमालक एक तर खोली देत नाही, नाहीतर दुप्पट भाडं घेतो आणि पावती देत नाही. पावती नाही म्हणून पत्त्याचा पुरावा नाही. पुरावा नाही म्हणून रेशन कार्ड नाही.

आता परवान्याची गोष्ट. वेश्याव्यवसाय कायदेशीर करा म्हणणाऱ्या बहुतेकांच्या डोळ्यांपुढे चित्र असं: ठरावीक वस्ती, नोंदणी, ओळखपत्र, महिन्याला वैद्यकीय तपासणी, सरकारला कर. ऐकायला नीटनेटकं. मुंबईने हे करून पाहिलं आहे. १८६८ च्या संसर्गजन्य रोग कायद्याखाली १८७० पासून इथे बायकांची नोंदणी आणि सक्तीची तपासणी सुरू झाली. उद्देश त्यांची प्रकृती नव्हता, गोऱ्या शिपायांची आणि खलाशांची होता. रोग आढळला की लॉक हॉस्पिटलात, म्हणजे गुप्तरोगांच्या इस्पितळात, कोंडायचे. बायकांनी नोंदणीला बगल द्यायचा मार्ग काढला, आणि नोंद नसलेल्या बायका पोलिसांच्या तावडीत सापडल्या. मध्ये खर्चावरून काही वर्षं बंद पडलं, पुन्हा सुरू झालं, आणि १८८८ मध्ये कायदाच रद्द झाला.

हे फार जुनं वाटत असेल तर डान्सबार घ्या. २००५ मध्ये बंदी आली. उच्च न्यायालयाने २००६ मध्ये ती रद्द केली, सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये त्यावर शिक्कामोर्तब केलं. मग सरकारने २०१६ मध्ये नवा कायदा आणला, बंदीऐवजी परवाना देणारा. त्यात अट अशी की शाळा आणि प्रार्थनास्थळापासून एक किलोमीटर दूर. नाचण्याच्या जागी सीसीटीव्ही. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अशा बऱ्याच अटी उडवल्या आणि सुनावलं की नियमन करा, पण नियमनाच्या नावाखाली पूर्ण बंदी नको. २००५ पासून तोवर एकालाही परवाना दिलेला नाही, हेही न्यायालयाने नोंदवलं. परवान्याचा कायदा होता, परवाना नव्हता. दरम्यान नाचणाऱ्या बायकांचं काय झालं ते मीरा रोड, नालासोपारा, पनवेलकडे विचारा. ज्या खात्याने नाचायला परवाना दिला नाही ते खातं या धंद्याला सुखासुखी देईल, हे मला पटत नाही. दिला तरी तो मालकाला मिळेल. अग्निशमन दल, आरोग्य खातं, पोलीस यांची ना-हरकत प्रमाणपत्रं गोळा करायची ताकद खोलीत बसणाऱ्या बाईकडे नसते, घरवालीकडे, म्हणजे कुंटणखाना चालवणारीकडे, आणि तिच्या मागच्या पैसेवाल्याकडे असते. आज घरवाली निम्मे पैसे कापते तेव्हा निदान ती कायद्याने चोर असते. परवान्यानंतर ती सन्माननीय व्यावसायिक होईल आणि निम्मे पैसे मात्र तसेच कापेल.

जर्मनीने २००२ मध्ये हा व्यवसाय करारयोग्य केला, म्हणजे नोकरी, विमा, निवृत्तिवेतन मिळावं म्हणून. नोकरीचे करार फारच थोड्या बायकांनी केले. २०१७ मध्ये त्यांनी नोंदणी सक्तीची केली, सोबत बाळगायचं ओळखपत्र. २०२३ अखेर नोंद झालेल्यांची संख्या सुमारे ३० हजार होती, आणि प्रत्यक्षात काम करणाऱ्या याच्या कितीतरी पट असल्याचे अंदाज आहेत. नोंद न केलेल्या त्या देशात, जिथे हे कायदेशीर आहे, बेकायदा ठरल्या.

ओळखपत्राचा विषय मी कामाठीपुऱ्यातल्या एका मावशींकडे काढला होता. मूळच्या सीमाभागातल्या, देवाला सोडलेल्या, आता धंदा थांबवून दुसऱ्यांची पोरं सांभाळतात. तांदूळ निवडत ऐकत होत्या.

“ताई, त्या लायसनवर फोटू असंल?”

“असेल बहुतेक.”

“आन् गावचा पत्ता?”

“तोही असेल.”

“मग नको बाई. पोरीचं लगीन ठरलंय. पोस्टमन घरी घेऊन गेला तर?”

पोस्टमन घेऊन जाणार नाही हे मी सांगू शकले असते. पण कुणाच्या तरी संगणकात ते राहील, आणि पोलीस ठाण्यातला एखादा शिपाई ते बघू शकेल, हे त्यांना माझ्यापेक्षा चांगलं ठाऊक होतं. सर्वोच्च न्यायालयालाही ते कळलं होतं. २०२२ च्या निर्देशांत आधार कार्ड द्यायला सांगताना त्यांनी बजावलं की नोंदीत असा कुठलाही संकेतांक नको ज्यावरून ही या व्यवसायातली आहे हे कळेल. परवाना म्हणजे नेमका तोच संकेतांक.

यादीत नसण्याचाही तोटा असतो, हे मान्य केलं पाहिजे. करोनात सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशावरून ओळखीचा पुरावा न मागता कोरडा शिधा मिळाला. महाराष्ट्राने ऑक्टोबर ते डिसेंबर २०२० साठी महिना ५,००० रुपये आणि शाळेत जाणारी मुलं असतील तर आणखी २,५०० रुपये दिले. पण ओळख पटवायची ती एड्स नियंत्रण संस्थेच्या आणि विधी सेवा प्राधिकरणाच्या मार्फत. गल्लीत राहणारीचं नाव तिथे असतं. लॉजवर, फोनवर, घरच्यांना ब्युटी पार्लर सांगून काम करणारीचं नसतं. मुंबईत आता दुसऱ्या प्रकारच्या बायका वाढल्या आहेत, कामाठीपुऱ्याच्या चौदा गल्ल्यांत इमारती पाडायच्या गोष्टी सुरू झाल्यापासून तर जास्तच. त्यांना पैसे नकोत असं नाही. त्यांना नाव नको.

तिसरी वाट न्यूझीलंडची. २००३ मध्ये तिथल्या संसदेने ६० विरुद्ध ५९ मतांनी कायदा केला. त्यात बाईला परवाना नाही, नोंदणी नाही. चारपर्यंत बायकांनी स्वतः मिळून जागा चालवली तर त्यांनाही प्रमाणपत्र लागत नाही. ते लागतं मोठी जागा चालवणाऱ्या मालकाला. कुठल्याही क्षणी गिऱ्हाईक नाकारायचा हक्क कायद्यात लिहिलेला. २०१४ मध्ये वेलिंग्टनच्या एका बाईने मालकाविरुद्ध लैंगिक छळाची तक्रार केली आणि न्यायाधिकरणाने तिला २५,००० डॉलर भरपाई दिली. मुंबईत अशी तक्रार घेऊन बाई ठाण्यात गेली तर आधी जागा बंद होईल, मग तक्रार लिहिली जाईल. त्यांचा कायदाही निर्दोष नाही. तात्पुरत्या व्हिसावर आलेल्यांना त्यात हे काम करायला बंदी आहे, त्यामुळे त्या पुन्हा दलालाच्या मुठीत. बांगलादेशातून आलेल्या किती जणी मुंबईत आहेत हे लक्षात घेतलं तर हे भगदाड आपल्याकडे फार मोठं पडेल.

या वाटेवर एक आक्षेप आहे आणि तो मी उडवून लावणार नाही. १९३६ मध्ये परळच्या दामोदर हॉलमध्ये बाबासाहेब आंबेडकरांनी कामाठीपुऱ्यातल्या बायकांना, मुरळ्या-जोगतिणींना हे जिणं सोडा असं निक्षून सांगितलं होतं. निवडीचा हक्क म्हणताना कोण निवडतं ते पाहायला हवं. बेडियांच्या मुली, देवदासी, दुष्काळी तालुक्यांतल्या बायका. सदाशिव पेठेतून कुणी हा व्यवसाय निवडायला येत नाही. जातीने लादलेल्या कामावर हक्काचा शिक्का मारला की लादणं दिसेनासं होतं, असं म्हणणाऱ्या दलित कार्यकर्त्या खोटं बोलत नाहीत. दुसरीकडे सांगलीत १९९६ पासून वेश्या अन्याय मुक्ती परिषद चालवणाऱ्या बायका म्हणतात की आमच्या वतीने तुम्ही रडू नका, आम्हाला पोलिसांपासून वाचवा. त्यांच्यातही बहुतेक जणी त्याच जातींतल्या आहेत. मला वाटतं दोघींचं एका मुद्द्यावर जमू शकतं: जातीची चाल मोडायला मालाडच्या तिघींना वर्षभर कोंडणं हा उपाय नव्हता. शिक्षण, जमीन, दुसरं काम हे उपाय होते, आणि ते कुठल्याच आदेशात नव्हते.

आणि अल्पवयीन मुलींचं काय? फेब्रुवारी १९९६ मध्ये उच्च न्यायालयाच्या आदेशावरून कामाठीपुऱ्यात मोठी धाड पडली, चारशेहून अधिक मुली-बायका बाहेर काढल्या. त्यांत लहान मुली होत्या, नेपाळहून विकून आणलेल्या होत्या, आणि त्यांना काढलंच पाहिजे होतं. पण सज्ञान आणि अल्पवयीन, विकलेली आणि स्वतः आलेली, सगळ्यांना एकाच गाडीत घालून एकाच सुधारगृहात नेलं. जागा अपुरी, औषधं अपुरी, काही जणी तिथेच दगावल्या. मुलींची विक्री आजही स्वतंत्र गुन्हा आहे, जुन्या दंडसंहितेच्या ३७० प्रमाणे होता आणि आता भारतीय न्याय संहितेच्या १४३ व्या कलमाखाली आहे. अल्पवयीन असेल तर पोक्सो, म्हणजे बालकांवरच्या लैंगिक गुन्ह्यांचा कायदा. सज्ञान बाईवरची कलमं काढली म्हणून यातलं काहीही सैल होत नाही. उलट गल्लीत नवी आणलेली मुलगी पहिल्यांदा कुणाला दिसते? शेजारच्या खोलीतल्या बाईला. तिने पोलिसांना फोन केला तर तिचीच खोली बंद होणार असेल तर ती करणार नाही.

म्हणून माझं मत परवान्याच्या बाजूने नाही आणि आहे तसं चालू दे याही बाजूने नाही. मुलुंडच्या बाईचे महिने ज्या कलमांनी खाल्ले ती काढा: १७ व्या कलमातून सज्ञान बायकांना वगळा, दोनशे मीटरची अट आणि उघड्यावर गिऱ्हाईक हेरण्याबद्दलचं कलम ८ जाऊ दे, दोघी-तिघींची खोली कुंटणखान्याच्या व्याख्येतून बाहेर काढा, कलम ४ दलालापुरतं ठेवा. हे काही क्रांतिकारक नाही. २००६ च्या दुरुस्ती विधेयकात कलम ८ काढायचं ठरलं होतंच. त्यासोबत गिऱ्हाइकाला शिक्षा करायचं कलम घातलं, त्यावर मतभेद झाले आणि लोकसभेची मुदत संपली तसं विधेयकही संपलं.

संसद हे कधी करील ते करो. संरक्षणगृहांची पाहणी मात्र राज्य सरकारने करायची आहे आणि त्याला नव्या कायद्याची गरज नाही. आज महाराष्ट्रातल्या संरक्षणगृहांत अठरा वर्षांवरच्या किती जणी आहेत, त्यांतल्या कितींनी बाहेर जायचा अर्ज केला आहे आणि तो कुठल्या टेबलावर आहे, हा प्रश्न महिला व बालविकास विभागाला माहितीच्या अधिकारात विचारता येतो. दहा रुपयांचं कोर्ट फी तिकीट लागतं.